म्हैसूर जिल्हा : माणसे, शाळा आणि कचेरी कुणाची?

बदली होऊन नव्या गावी गेल्यावर मी पहिल्या आठवड्यात त्या जिल्ह्याचे गॅझेटिअर मागवतो. ही सवय मला नोकरीच्या सुरुवातीलाच लागली आणि आता पन्नाशी उलटल्यावर ती सुटण्याचा संभव नाही. गॅझेटिअरमध्ये पाऊसपाणी, पिके, जमीनमहसूल वगैरे प्रकरणे आटोपली की शेवटी शिक्षणाचे आणि प्रेक्षणीय स्थळांचे प्रकरण येते. त्या दोन प्रकरणांत जिल्ह्याला स्वतःबद्दल काय वाटते ते कळते. म्हैसूरच्या बाबतीत (२०१४ पासून अधिकृत नाव मैसूरु, मराठीत आपण म्हैसूरच म्हणतो आणि मीही इथे तेच म्हणणार आहे) वाचकाची चैन आहे. बेंजामिन लुईस राइस यांचे गॅझेटिअर १८७६-७८ चे, त्याची सुधारित आवृत्ती १८९७ ची, आणि हयवदन राव यांनी संपादिलेले पाच खंड १९२७ ते १९३० चे. राइस हे बंगळूरमध्येच जन्मलेले मिशनऱ्याचे चिरंजीव. ते संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते आणि कोरीव लेखांचा नाद लागल्यामुळे हजारो शिलालेख उतरवून त्यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ची मालिका उभी केली.

पुण्या-मुंबईचे किंवा परदेशातले स्नेही म्हैसूरला यायचे ठरवतात तेव्हा त्यांची यादी ठरलेली असते : राजवाडा, चामुंडीची टेकडी, प्राणिसंग्रहालय, वृंदावन उद्यान, आणि परतताना चंदनाचा साबण. या यादीशी माझे भांडण नाही. पण गॅझेटिअर वाचता वाचता माझी एक वेगळी यादी तयार झाली. तिच्यातली माणसे, शाळा आणि इमारती यांच्यामागे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. कचेरी कुणाची? तिथे बसणारा माणूस इथला असावा की बाहेरचा चालेल, आणि ‘इथला’ म्हणजे नेमका कोण? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हा प्रश्न मी समजावून सांगायला नको.

आमच्या कार्यालयात निवृत्तीला आलेले एक कर्मचारी होते. त्यांच्या घरी मराठी बोलत; मात्र गेल्या कित्येक पिढ्यांत कुणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. मी रुजू झालो त्या दिवशी फायली समोर ठेवत ते सहज म्हणाले, “सर, आपण माझे अकरावे साहेब. दहांपैकी दोघे म्हैसूरचे होते.” स्वरात तक्रार नव्हती, हिशेब होता. त्या हिशेबामुळेच मी दिवाणांची यादी पुन्हा एकदा नीट वाचली.

यादीच्या सुरुवातीला पूर्णय्या. देशस्थ माध्व घराण्यातला, कोइमतूरच्या भागात जन्मलेला हा माणूस हिशेबाच्या जोरावर हैदरअलीच्या खजिन्यात शिरला, टिपूचा मंत्री झाला, आणि १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ज्यांनी टिपूला संपवले त्या इंग्रजांनीच त्याला बाल राजाचा दिवाण नेमले. १८११ पर्यंत तो त्या पदावर होता. तीन परस्परविरोधी राजवटींना एकच माणूस लागावा, याचे कारण त्याच्या निष्ठेत शोधण्यापेक्षा दप्तरात शोधावे असे मला वाटते. त्या काळी म्हैसूरचे महसुली हिशेब कन्नड, मराठी आणि फारसी अशा तीन भाषांत चालत. ज्याला तिन्ही दप्तरे वाचता येतात त्याला काढून टाकणे कुठल्याही सरकारला परवडत नाही. राज्य जिंकणाऱ्याला पहिल्या सकाळी प्रश्न पडतो तो वसुलीचा.

ते मराठी दप्तर आता गेले, पण त्याची पावले दिसतात. इथल्या तालुका कचेरीत शिरलो की दारावरच्या पाट्या वाचायला मला दुभाष्या लागत नाही : शिरस्तेदार, जमाबंदी, दरखास्त, पहाणी, खाते. बंगळूरच्या उच्च न्यायालयाच्या लाल इमारतीला लोक अजून ‘अठारा कचेरी’ म्हणतात. राज्यकारभाराची अठरा खाती ही कल्पना चिक्कदेवराज वडियार (१६७३–१७०४) यांच्या नावावर सांगितली जाते. हे शब्द फारसीतून आले, मराठीतून आले की दोन्हीकडून, हा वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू. अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला ते सगळे सारखेच अवघड वाटत असणार.

मराठ्यांचे नाव या मुलखात कचेरीप्रमाणे छावणीच्या संदर्भातही येते, आणि तेही सांगितले पाहिजे. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून कॉर्नवॉलिसला माघार घ्यावी लागली. तोफा ओढायला बैल उरले नव्हते आणि सैन्य उपाशी होते. त्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा वाटेत भेटल्या आणि त्यांच्या बाजारामुळे इंग्रजांची उपासमार टळली. हे आपण अभिमानाने वाचतो. त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, हे मात्र आपल्याकडे हळू आवाजात सांगितले जाते. त्यानंतर टिपूने शृंगेरीच्या जगद्गुरूंना कन्नडमध्ये पत्रे लिहिली आणि मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली. ती पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली. आज टिपूच्या नावावरून दोन्ही बाजूंनी आवाज चढतात. मला त्या पत्रांचे महत्त्व वाटते ते त्यातल्या कारभारामुळे : लूट झालेल्या जागी काय काय पोचवायचे आणि कुणी पोचवायचे, याचे ते कागद आहेत.

श्रीरंगपट्टण आता मंड्या जिल्ह्यात मोडते. १९३९ साली म्हैसूर जिल्ह्यातून मंड्या वेगळा झाला आणि १९९७ साली चामराजनगर. पूर्णय्याला १८०७ मध्ये जहागीर मिळालेले येळंदूरही चामराजनगरकडे गेले. जिल्ह्यांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीने बदलतात, इतिहासाला मात्र त्या सोयीची सवय नसते. म्हणून मी जुना म्हैसूर जिल्हाच धरून चालतो.

१८८१ मध्ये इंग्रजांनी पन्नास वर्षांच्या थेट कारभारानंतर संस्थान राजघराण्याला परत केले. पहिले दिवाण रंगाचार्लू. त्यांनी त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरमध्ये प्रजा प्रतिनिधी सभा भरवली. १४४ जण आले होते : तालुक्यातालुक्यांतले जमीनदार शेतकरी आणि काही व्यापारी. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, कायदा अडवण्याचाही नव्हता. दिवाणाचा अहवाल ऐकायचा आणि गाऱ्हाणे सांगायचे, एवढेच. पण राष्ट्रीय सभेच्या चार वर्षे आधी भारतातल्या एका संस्थानात सरकार आपल्या जमाखर्चाचा हिशेब शेतकऱ्यांपुढे वाचून दाखवते, ही घटना लहान नाही. रंगाचार्लू १८८३ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या नावाची टाउन हॉलची इमारत १८८४ मध्ये उभी राहिली. ती राजवाड्याजवळच आहे. राजवाडा पाहून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांना मी पाच मिनिटे तिथे उभे करतो. बहुतेकांना ऊन लागते.

रंगाचार्लू मद्रास इलाख्यातून आलेले. त्यांच्यानंतर अठरा वर्षे दिवाण राहिलेले शेषाद्री अय्यरही तिकडचेच. १९०१ ते १९०६ पूर्णय्यांचे वंशज पी. एन. कृष्णमूर्ती, म्हणजे स्थानिक. पुढचे दोघे पुन्हा बाहेरचे, आणि ते आपल्या अधिक ओळखीचे निघतात. व्ही. पी. माधवराव हे कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी. त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव हे बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. म्हणजे १९०६ ते १९१२ अशी सहा वर्षे म्हैसूरच्या दिवाणाच्या घरी तंजावरी वळणाची मराठी चालत असणार. हे वाचताना माझी छाती किंचित फुगली, हे कबूल करतो. ती फार वेळ फुगलेली राहिली नाही.

कारण याच काळात म्हैसूर शहरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचे नाव दप्तरात वारंवार येते. मरिमल्लप्पा यांच्या देणगीतून १८७६ मध्ये निघालेल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक एम. वेंकटकृष्णय्या यांना सारे शहर ‘तातय्या’ म्हणे. शाळा चालवायची, गरीब विद्यार्थ्यांची सोय लावायची, आणि उरलेल्या वेळात ‘वृत्तान्त चिंतामणि’सारखी वर्तमानपत्रे काढून दिवाणांना धारेवर धरायचे, हा त्यांचा व्यवसाय. मद्रासेहून माणसे आणून वरच्या जागा भरणे हा त्यांच्या टीकेचा एक ठरलेला विषय होता. माधवराव हे कार्यक्षम अधिकारी होते. प्लेगच्या साथीत त्यांनी प्लेग कमिशनरचे कठीण काम केले होते आणि १९०७ मध्ये विधान परिषद त्यांच्याच कारकिर्दीत आली. पण १९०८ चा वृत्तपत्र नियंत्रण कायदाही त्यांचाच. त्या वर्षी जुलैमध्ये टिळकांना मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली. तिकडे मराठी संपादक तुरुंगात गेला आणि इकडे मराठी बोलणाऱ्या दिवाणाच्या कायद्यामुळे कन्नड संपादकाने निषेध म्हणून आपली पत्रे बंद केली. इतिहास वाचताना आपण आपल्या माणसाच्या बाजूने वाचायला लागतो. इथे आपला माणूस कोणता, हे मला लगेच ठरवता आले नाही. आता ठरवले आहे. तातय्यांचा पुतळा शहरात आहे. माधवरावांबद्दल मी ज्यांना विचारले त्यांपैकी कुणाला काही सांगता आले नाही.

मग १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या आले. संस्थानात जन्मलेले, पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात घडलेले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. पुण्यात असताना रानडे-गोखले यांच्या वर्तुळात त्यांची उठबस होती. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात १९१२ मध्ये पडले आणि १९१३ मध्ये म्हैसूरने प्राथमिक शिक्षणाचा आपला कायदा केला. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले, देशी संस्थानातले पहिले. सर्वपल्ली राधाकृष्णन १९१८ ते १९२१ याच विद्यापीठाच्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. पुढे कुवेंपु तिथेच शिकले, तिथेच प्राध्यापक झाले आणि शेवटी कुलगुरू. या काळाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी पुढे जातो.

मुक्काम करायचा आहे तो १९१८ वर. म्हैसूरच्या माणसाला म्हैसूरच्या कचेरीत जागा मिळाली, इथे तातय्यांचा प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण आता दुसऱ्या कुणीतरी तोच प्रश्न विचारला. वक्कलिग, लिंगायत, मुसलमान आणि इतर समाजांतल्या पुढाऱ्यांनी १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळी स्थापन केली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. मद्रासचा ब्राह्मण जाऊन म्हैसूरचा ब्राह्मण आला, यात आमच्या गावाला काय मिळाले? महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९१९ च्या अहवालात समितीने म्हटले की सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्यांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांकडे असाव्यात. विश्वेश्वरय्यांना हे तत्त्वच मान्य नव्हते. शिक्षण पसरवा, मग माणसे आपोआप वर येतील, गुणवत्तेला हात लावू नका, असे त्यांचे मत. १९१८ च्या डिसेंबरात त्यांनी दिवाणपद सोडले. या प्रश्नावरचा मतभेद हेच त्याचे मुख्य कारण सांगितले जाते.

इथे मला कोल्हापूर आठवल्याशिवाय राहत नाही. शाहू महाराजांचा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम २६ जुलै १९०२ चा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ८ ऑगस्ट १९०२ रोजी, कृष्णराज वडियार यांना राज्याचे अधिकार मिळाले. आणि या दोन्ही राजांचा शिक्षक एकच होता : स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर. त्याने शाहूंना धारवाडला शिकवले आणि १८९६ पासून म्हैसूरच्या बाल महाराजांना. या योगायोगातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. फ्रेझरने दोघांना आरक्षण शिकवले असे मुळीच नव्हे. शाहूंना ते वेदोक्ताच्या अपमानाने आणि आपल्या दरबारातल्या नेमणुकांच्या यादीने शिकवले. तरी एकाच तालमीतून निघालेले दोन राजे सोळा वर्षांच्या अंतराने एकाच जागी पोचले, हे नोंदवण्याजोगे आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे मत विचाराल तर विश्वेश्वरय्यांचा युक्तिवाद अर्धा बरोबर होता. शाळा आधी लागते, हे खरे. पण शाळा कुणासाठी उघडते? याच शहरात अंबळे नरसिंह अय्यंगार यांनी १८८१ मध्ये मुलींची शाळा काढली, तीच पुढची महाराणी शाळा आणि कॉलेज. पुण्याची हुजूरपागा त्याच दशकातली. टागोरांची भाची सरलादेवी घोषाल १८९५ मध्ये कलकत्त्याहून एकटी येऊन इथे शिकवून गेली. त्या काळात हे धाडस थोर होते. तरीही त्या शाळेची दारे सुरुवातीला वरच्या जातींच्या मुलींसाठीच होती, आणि जोतीराव-सावित्रीबाईंची शाळा तोपर्यंत तेहतीस वर्षे जुनी झालेली होती. शिक्षण आपोआप खाली झिरपत नाही. कालव्याचे पाणीसुद्धा आपोआप झिरपत नाही, त्याला चारी खणावी लागते. हे विश्वेश्वरय्यांइतके कुणाला ठाऊक असणार?

कालव्यावरून आठवले. कृष्णराजसागराच्या पाण्याने काय बदलले हे पाहायला स्कार्लेट एपस्टाइन नावाची अर्थशास्त्राची अभ्यासक १९५० च्या दशकात मंड्याजवळच्या दोन खेड्यांत येऊन राहिली. एका खेड्याला पाणी मिळाले होते, दुसरे कोरडे राहिले होते. पाणी मिळालेले खेडे उसावर श्रीमंत झाले आणि त्याचे जुने संबंध तसेच टिकले. कोरड्या खेड्यातली माणसे धंदा-नोकरीसाठी बाहेर पडली आणि तिथली जुनी वीण जास्त सैल झाली. तिचे १९६२ चे पुस्तक मी एम.ए.ला असताना परीक्षेपुरते वाचले होते. कालव्याच्या काठाने गाडीतून जाताना ते पहिल्यांदा कळले. म्हैसूर जिल्ह्यातल्याच एका खेड्यात १९४८ मध्ये एम. एन. श्रीनिवास राहिले. ते म्हैसूरचे, पण समाजशास्त्र शिकले मुंबईत, मालवणच्या घुर्ये सरांकडे. १९७० साली स्टॅनफर्डमध्ये त्यांची तयार केलेली टिपणे जाळपोळीत गेली आणि ‘रिमेंबर्ड व्हिलेज’ हे पुस्तक त्यांनी मुख्यतः आठवणींतून लिहिले. फाइल गहाळ झाली म्हणून काम थांबवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते भेट द्यावे.

खेड्यांकडे वळलोच आहे तर हुणसूर तालुक्यातल्या कल्लहळ्ळीचे नाव घेतो. देवराज अर्स तिथले. राजघराण्याच्या नात्यातला समाज, संख्येने अगदी लहान. म्हैसूरला अर्स बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले. १९७२ ते १९८० या काळात मुख्यमंत्री असताना त्यांनी १९७४ च्या सुधारित कायद्याने कुळांना जमिनी दिल्या आणि हावनूर आयोगाकरवी मागासवर्गांचा प्रश्न मिलरच्या पुढे नेला. कुळांचे दावे ऐकायला तालुक्यातालुक्यांत न्यायाधिकरणे बसली आणि त्यांत स्थानिक प्रतिनिधी होते. कचेरी कुणाची, या प्रश्नाला म्हैसूर जिल्ह्याने दिलेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

सोमनाथपूर मात्र चुकवू नका. तिन्ही गाभाऱ्यांचे ते केशवमंदिर १२५८ मधले. होयसळांची बाकीची दोन मंदिरे आणि हे मिळून २०२३ मध्ये जागतिक वारशात गेले. बांधणारा राजा नव्हता. तिसऱ्या नरसिंहाच्या पदरी असलेल्या सोमनाथ नावाच्या दंडनायकाने, म्हणजे आमच्यासारख्याच एका पगारी माणसाने, राजाची परवानगी घेऊन गाव वसवले आणि गावाला स्वतःचे नाव दिले. सेवानियमांत हे आज बसणार नाही. मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराने मात्र आपल्या मूर्तींखाली आपली सही कोरून ठेवली आहे. मुख्य केशवाची मूळ मूर्ती राहिलेली नाही, मल्लितम्मची सही राहिली आहे.

आणि शहरात परतल्यावर ओरिएंटल लायब्ररी. १८९१ ची संस्था, व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीनिमित्त बांधलेली इमारत, आजचे प्राच्यविद्या संशोधनालय. इथल्या ग्रंथपालांनी, रुद्रपट्टणच्या आर. शामशास्त्रींनी, १९०५ मध्ये ताडपत्रांच्या गठ्ठ्यात कौटिल्याचे अर्थशास्त्र ओळखले, १९०९ मध्ये छापले आणि १९१५ मध्ये इंग्रजीत आणले. तोवर त्या ग्रंथाचे नाव आणि काही अवतरणेच माहीत होती. पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ मध्ये तीन खंडांत त्याची चिकित्सक आवृत्ती केली; माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी कौटिल्य वाचला तो कंगल्यांच्या हातून. सरकारी नोकर पैसा कधी खातो हे पाण्यातल्या माशाच्या पाण्याइतकेच कळायला कठीण, असे म्हणणारा हा ग्रंथ एका सरकारी नोकरानेच कपाटातून बाहेर काढला.

ती ताडपत्रे लायब्ररीत आली कशी? शामशास्त्रींनी प्रस्तावनेत सांगितले आहे : तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने ती आणून दिली. नाव दिलेले नाही.